कंपन्या कर्ज काढतायत; देश तेजीत की गोत्यात?

प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत आयुष्य काढून मी गेल्या वर्षी साठाव्या वर्षी निवृत्त झालो. राहायला राजारामपुरीत. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 24 लाख रुपये आले, ते बँकेत ठेवलेत. पुण्याचे जावई म्हणतात, त्यातले 10 लाख मोबाइलच्या अॅपवरून कंपनीच्या रोख्यात घाला, पावणेबारा टक्के मिळतात. कंपनी बचत गटांना छोटी कर्जं देणारी आहे, रेटिंग ए मायनस. त्यांचं म्हणणं असं, की कंपन्यांनी विक्रमी रोखे काढलेत, म्हणजे अर्थव्यवस्था ठणठणीत आहे, घाबरायचं कारण नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे आमचे प्राध्यापक मित्र नेमकं उलटं सांगतात: एवढं कर्ज काढलंय म्हणजे फुगा फुटणार. आणि उद्यमनगरात जुन्या सहकाऱ्यांकडं गेलो की ते म्हणतात, ऑर्डरी कमी, पेमेंट चार-चार महिने नाही. तिघांत खरं कुणाचं? कंपन्यांच्या रोख्यांवरून देशाची तब्येत कळते का? आणि जावयांना नाही म्हणायचं झालं तर कसं म्हणू?

– निवृत्त फौंड्रीवाला, राजारामपुरी

उत्तर

नमस्कार काका,

जावईबापू आणि तुमचे प्राध्यापक मित्र यांना समोरासमोर बसवलंत तर दोघंही हरतील, कारण दोघंही एकाच आकड्याकडं बघतायत. वर्षात किती लाख कोटींचे रोखे, म्हणजे कंपन्यांच्या कर्जाचे कागद, निघाले, हा तो आकडा. टीव्हीवर तोच मोठ्या अक्षरात येतो. एकाला त्यात तेजी दिसते, दुसऱ्याला फुगा. माझ्या मते त्या एकट्या आकड्यातून काहीच निघत नाही.

दाखला देते. 2020-21 हे कोरोनाचं वर्ष. देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ 6 टक्क्यांनी आकसली. त्याच वर्षी कंपन्यांनी पावणेआठ लाख कोटींच्या आसपास रोखे विकले, आदल्या वर्षापेक्षा जास्त. पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था 9 टक्क्यांच्या वर वाढली आणि रोखे मात्र 6 लाख कोटींच्या घरात उतरले. जावयांचं गणित लावलं तर देश कोरोनात जोमात होता आणि नंतर आजारी पडला! झालं होतं असं, की 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं उसना पैसा देते तो दर, 4 टक्क्यांवर आणला आणि बँकांना स्वस्तात पैसा देऊन त्यातून कंपन्यांचे रोखे घ्यायला लावले. बड्या कंपन्यांनी संधी साधली, जुनं महाग कर्ज फेडलं, नवं स्वस्त काढलं, चार पैसे गाठीला ठेवले. नवी भट्टी टाकायला काढलेलं कर्ज आणि जुनं फेडायला काढलेलं कर्ज, वर्षाच्या बेरजेत दोन्ही सारखीच दिसतात.

मग बघायचं काय? व्याजातला फरक. केंद्र सरकार 10 वर्षांसाठी कर्ज काढतं तेव्हा ते बुडणार नाही असं सगळे धरून चालतात, म्हणून त्याचं व्याज सगळ्यात कमी. तेवढ्याच मुदतीला कंपनीला त्याच्यावर जे जादा टक्के मोजावे लागतात, त्याला बाजारात स्प्रेड म्हणतात. लक्ष्मीपुरीतला घाऊक व्यापारी डोळ्यांसमोर आणा. खेड्यातले दुकानदार त्याच्याकडून उधारीवर माल नेतात. बऱ्या वर्षात तो सगळ्यांनाच महिनाभराची मुदत देतो. पावसानं ओढ दिली की खात्रीच्या गिऱ्हाइकाची मुदत तशीच राहते, पण कच्च्याला तो म्हणतो, ‘निम्मे रोख ठेव, मग पोती उचल.’ दुष्काळ सरकारदरबारी जाहीर व्हायच्या कितीतरी आधी त्याच्या वहीत तो उतरलेला असतो, कारण पैसा त्याचा स्वतःचा अडकलेला असतो. रोख्यांच्या बाजारातही असंच होतं. ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात भरवशाच्या रेटिंगची कंपनी आणि त्याच्या बरंच खालच्या ए रेटिंगची कंपनी यांच्या व्याजातलं अंतर वाढायला लागलं, तर पैसेवाले कच्च्या गिऱ्हाइकांना घाबरायला लागलेत असं समजायचं. जीडीपीचा आकडा तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी येतो; हा फरक रोज बदलतो.

यातलं एक उदाहरण तुम्ही स्वतः भोगलंय. सप्टेंबर 2018 आठवा. आयएल अँड एफएस ही रस्ते, बोगदे, वीज प्रकल्पांना पैसा पुरवणारी मुंबईची बडी संस्था. समूहावर 90 हजार कोटींच्या वर कर्ज. प्रकल्पातून पैसा यायला पंधरा-वीस वर्षं लागणार आणि घेतलेली कर्जं त्याच्या कितीतरी आधी फेडायची, असा उफराटा कारभार. (टोलचा पैसा कागदावर असतो तितका हातात येत नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.) ऑगस्टपर्यंत तिच्या रोख्यांवर ट्रिपल ए शिक्का होता. महिना-दीड महिन्यात तो थेट डी झाला, म्हणजे हप्ता चुकला. ऑक्टोबरच्या 1 तारखेला सरकारनं संचालक मंडळ ताब्यात घेतलं. तिच्या रोख्यांत नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीचाही पैसा होता.

खरी गंमत त्याच्या पुढची आहे. म्युच्युअल फंडवाले हादरले. आयएल अँड एफएसला ट्रिपल ए म्हणत होते, मग बाकीच्यांचं काय खरं, असं म्हणून त्यांनी सगळ्याच वित्त कंपन्यांचे कागद घ्यायला हात आखडता घेतला. या कंपन्यांना पैसा महाग झाला, काहींना मिळेचना. आणि ट्रक, ट्रॅक्टर, मोटरसायकलला गावोगाव कर्ज देणाऱ्या याच कंपन्या. कर्ज आटलं, शोरूममधलं गिऱ्हाईक आटलं. 2019-20 मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री जवळपास 18 टक्क्यांनी पडली. गाड्यांचे नवे प्रदूषण नियम, विम्याचा वाढलेला खर्च अशी कारणंही होती, सगळं खापर रोख्यांवर फोडत नाही. पण गाड्या खपल्या नाहीत की कास्टिंगच्या ऑर्डरी थांबतात, आणि मग शिरोली-गोकुळ शिरगावपासून उद्यमनगरापर्यंत भट्ट्या आठवड्यातून किती दिवस पेटवायच्या याचा हिशेब सुरू होतो. तो काळ तुम्ही फौंड्रीत काढलाय, मी काय सांगणार. देशाच्या वाढीचा दर त्या वर्षी साडेसहावरून चारच्या खाली आला. मुंबईत रोख्यांच्या बाजारात सप्टेंबर 2018 मध्ये जे फाटलं, त्याची झळ तुमच्या शिफ्टपर्यंत यायला काही महिने लागले. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कळते. पण रोखे किती निघाले यावरून नाही, ते कुठल्या भावानं निघाले यावरून.

आता याच्याही खोडी सांगते, नाहीतर उद्या तुम्ही रोज सकाळी स्प्रेड बघत बसाल.

पहिली खोड अशी, की फरक कमी असला तर सगळं आलबेल असतं असं नाही. अमेरिकेत कच्च्या रेटिंगच्या कंपन्यांच्या रोख्यांचा फरक जून 2007 मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास होता. फार म्हणजे फारच कमी. सगळ्यांना सगळं सुरक्षित वाटत होतं. दीड वर्षात लेहमन ही तिथली बडी बँक बुडाली आणि 2008 च्या अखेरीला तोच फरक 20 टक्क्यांच्या वर गेला. बाजाराला आजची भीती दिसते, उद्याचं शहाणपण त्याच्यापाशी असेलच असं नाही. दुसरी खोड, की हा काटा वरून दाबता येतो. 23 मार्च 2020 ला अमेरिकेच्या फेडनं, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेनं, नुसतं जाहीर केलं, की आम्ही कंपन्यांचे रोखे विकत घेऊ. प्रत्यक्ष खरेदीला पुढं काही आठवडे लागले, पण फरक त्याआधीच उतरू लागला. कारखाने तेव्हा बंदच होते.

तिसरी खोड आपल्याकडची, आणि तुमच्या उद्यमनगरातल्या मित्रांचं उत्तर तिच्यात आहे. भारतात कंपन्यांच्या रोख्यांची अजून फेडायची असलेली एकूण रक्कम आता 50 लाख कोटींच्या वर गेलीय, ऐकायला प्रचंड. पण देशाच्या जीडीपीच्या मानानं ती 16 टक्क्यांच्या आसपास. त्यातही गर्दी कुणाची? सरकारी वित्तसंस्था, बँका, घरकर्जाच्या कंपन्या, चार-दोन बडे उद्योगसमूह. बहुतेक ट्रिपल ए नाहीतर डबल ए. जवळजवळ सगळा माल खासगीत, विमा कंपन्या, फंड आणि बँकांना विकला जातो. पन्नास कामगारांची फौंड्री कधी रोखा काढत नाही. ती बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिटवर) चालते, त्याहून लहान असेल तर पतसंस्थेच्या, आणि सगळ्यात जास्त चालते ती पुरवठादाराच्या उधारीवर. तेव्हा रोख्यांचा बाजार शांत आहे याचा अर्थ ‘बड्यांचं बरं चाललंय’ इतकाच. त्याच वेळी तुमच्या मित्राचं पेमेंट चार महिने अडकलेलं असू शकतं. दोन्ही खरं. किंबहुना कधीकधी बड्या कंपनीचा ताळेबंद चकाचक दिसतो तो तुमच्या मित्राचे पैसे थकवूनच. लघुउद्योगाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचा कायदा 2006 पासून आहे. 2023 च्या अर्थसंकल्पात त्याला आयकराची मेखही मारली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही. तरी चार महिने लागतात म्हणता, तर तुमच्या मित्राला सांगा, लघुउद्योग म्हणून सरकारकडं केलेल्या उद्यम नोंदणीचा क्रमांक बिलावर छापतोस का? पुष्कळ जण छापत नाहीत आणि मग समोरचा हात वर करतो.

आपल्या भागाची नाडी बघायची असेल तर रोख्यांपेक्षा उसाची बिलं बघा. ऊस कारखान्याला घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायची हा नियम. कारखाने तो पाळतायत की थकवतायत, यावरून जिल्ह्यात पैसा फिरतोय का कळतं. बिलं लांबली की गुजरीतल्या सराफांपासून मोटरसायकलच्या शोरूमपर्यंत सगळ्यांना ते जाणवतं. आणि देशपातळीवर रोख्यांच्या जोडीला बँकांची थकीत कर्जं बघा. रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल वर्षातून दोनदा येतो. मार्च 2018 मध्ये बँकांची ढोबळ बुडीत कर्जं 11 टक्क्यांच्या वर होती, मार्च 2025 मध्ये 2.3 टक्के. हा आकडा तुमच्या प्राध्यापक मित्रांना दाखवा. फुगा फुटणारच म्हणताना हाही हिशेबात धरावा लागेल.

आता तुमचे 10 लाख.

समजा जावयांचं पहिलं म्हणणं शंभर टक्के खरं, देश ठणठणीत. तरी त्यावरून ही कंपनी ठणठणीत आहे असं निघत नाही. तिच्याच धंद्यातला दाखला घ्या. ऑक्टोबर 2010 मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं सूक्ष्म कर्जांच्या वसुलीवर कडक निर्बंध घालणारा अध्यादेश काढला. राज्यातली वसुली धडाधड कोसळली, धंद्यातल्या कंपन्या जेरीला आल्या. त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था 8 टक्क्यांच्या वर वाढत होती! देशाच्या वाढीनं त्या कंपन्यांना वाचवलं नाही.

पावणेबारा टक्के हा आकडा नीट उलगडून बघू. सरकारी रोखा पावणेसात टक्क्यांचा धरला तर ही कंपनी तुम्हाला वर 5 टक्के देतेय. कशासाठी? समजा तुम्ही 10 लाखांचे 20 भाग करून अशा 20 कंपन्यांत 50-50 हजार घातले. वर्षाला जादा मिळणार 50 हजार. त्यातली एक कंपनी वर्षात पूर्ण बुडाली, तर गेले 50 हजार. जादा कमाई साफ. म्हणजे हे 5 टक्के बक्षीस नाहीत. वीसातली एखादी बुडेल ही भीती, आणि मधेच विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळणार नाही ही अडचण, याची किंमत आहे ती. फंडवाला दोनशे कागद घेऊन बसतो, त्याला ती भीती परवडते. तुम्ही 10 लाख एकाच कंपनीत घालणार, तुमच्यासाठी वीसात एक असा हिशेब उरतच नाही. एकतर सगळं येईल, नाहीतर वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा.

अॅपवर ‘फिक्स्ड रिटर्न’ लिहिलेलं असतं, त्याचा मला भारी राग आहे. व्याजाचा दर ठरलेला असतो, मिळेलच हे ठरलेलं नसतं. बँकेच्या ठेवीला, सहकारी बँकेच्याही, माणशी 5 लाखांपर्यंत विमा असतो, रोख्याला नाही. (पतसंस्थेलाही तो नाही, हे जाता जाता. आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि पुष्कळांना हे माहीत नसतं.)

तुम्हाला साठ पूर्ण आहेत, मग पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना अजून का घेतली नाही? सध्या 8.2 टक्के, दर तिमाहीला व्याज खात्यात, 5 वर्षांची मुदत, 30 लाखांपर्यंत मर्यादा, पाठीशी केंद्र सरकार. सरकार नवीन खात्यांचा व्याजदर दर तिमाहीला जाहीर करतं, तेव्हा जाताना विचारून जा. एकदा खातं उघडलं की तुमचा दर बदलत नाही. आता जावयांच्या रोख्याशी तुलना करा: 10 लाखांवर वर्षाला साडेपस्तीस हजार जास्त, तेही कराआधी. तेवढ्यासाठी मुद्दल टांगणीला लावायचं. पगार चालू असलेल्या पस्तिशीच्या माणसाला हा सौदा कदाचित पटेल. तुम्हाला पटावा असं मला वाटत नाही. मात्र सगळे 24 लाख योजनेत घालू नका, 4-5 लाख साध्या ठेवीत मोकळे असू द्या. योजनेतून पहिल्या वर्षाच्या आत पैसे काढले तर दिलेलं व्याज कापून घेतात, नंतरही दीड-एक टक्का दंड आहे.

कंपन्यांचे रोखे अजिबात वाईट, असंही मनात धरू नका. शेअर-रोख्यांच्या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं ऑक्टोबर 2022 मध्ये खासगीत विकल्या जाणाऱ्या रोख्याची दर्शनी किंमत 10 लाखांवरून 1 लाख केली आणि जुलै 2024 मध्ये 10 हजारांपर्यंत आणायला मुभा दिली. म्हणून तर ते अॅपवर आले. हौस असेल तर 10-20 हजारांचा, ट्रिपल ए सरकारी संस्थेचा एखादा घ्या, डीमॅट खात्यात कसा दिसतो, व्याज कुठल्या तारखेला येतं ते अनुभवा. सरकारी रोखा थेट हवा असेल तर रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट खातं 2021 पासून फुकट उघडता येतं.

राहता राहिले जावईबापू. त्यांचा हेतू चांगला आहे, हे पत्रातूनच कळतं. सासऱ्याचं व्याज वाढावं असं वाटणारा जावई मिळाला हेही थोडं नाही. तोंडावर ‘नको’ म्हणू नका. त्यांना कामाला लावा. म्हणा, बापू, एवढं बघून द्या: रेटिंग देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर या कंपनीचं रॅशनल, म्हणजे हे रेटिंग का दिलं त्याचं टिपण असतं, चार-पाच पानांचं, ते छापून आणा. त्यात कंपनीची कर्जं कुठल्या राज्यांत किती वाटलीत, 30 दिवसांच्या वर थकलेली किती टक्के, पुढच्या वर्षभरात तिला स्वतःला किती फेडायचंय आणि हातात रोकड किती, हे लिहिलेलं असतं. रोखा तारणाचा आहे की बिनतारणी, तेही ऑफर डॉक्युमेंटमधून बघायला सांगा. इतकं वाचून त्यांना अजूनही घ्यावासा वाटला तर त्यांनी स्वतःच्या पैशानं खुशाल घ्यावा. आणि ते रागावतील अशी काळजी वाटत असेल, तर ताईला आधी विश्वासात घ्या. सासरा-जावयातला पैशाचा विषय लेकीला मागाहून कळला की तिची दोन्हीकडून पंचाईत होते.

पोस्टात जाताना काकूंना बरोबर न्या. हे खातं जोडीदाराबरोबर संयुक्त उघडता येतं, त्यांचं वय साठ नसलं तरी चालतं. आधार, पॅन आणि दोघांचे फोटो लागतील. 1 लाखाच्या वरची रक्कम चेकनं भरावी लागते, तेव्हा चेकबुक विसरू नका.